चाळीस आंबे आणि आठ वर्ग: वर्गीकृत वारंवारता सारणी कशी करायची

आमच्या पडवीत मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसते. एका अंगाला पेंढ्याची आढी, दुसऱ्या अंगाला रिकाम्या पेट्या आणि मधे अण्णा, म्हणजे माझे सासरे, आंबा निवडत बसलेले. फळ हातात घेतात, तळव्यावर एकदा तोलतात आणि समोरच्या चार ढिगांपैकी एकात ठेवतात. काटा नाही, वही नाही. पन्नास वर्षांचा हात आहे तो.

रत्नागिरीहून पावसच्या वाटेवर आमचं गाव आहे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. नववीला सांख्यिकी आली की दर वर्षी मला एकच गोष्ट दिसते. मुलं ताळ्याच्या खुणा सुबक काढतात, बेरजा चोख करतात, पण "हे वर्ग कुठून आले?" असं विचारलं की गप्प होतात. कारण उदाहरणात बहुतेकदा वर्ग आयते दिलेले असतात. खरं काम तर तिथेच असतं. म्हणून या सुट्टीत दहावीत जाणाऱ्या पुतण्याला मी पुस्तकाऐवजी आंब्यांवर बसवलं. त्याच चाळीस आंब्यांवरून वर्गीकृत वारंवारता सारणीची, म्हणजे आकडे गटांत (वर्गांत) वाटून प्रत्येक गटात किती आले (वारंवारता) ते मांडायची, रीत सांगते. शेजारी वही-पेन्सिल घेऊन वाचलंत तर जास्त चांगलं.

आधी कच्ची नोंद

एकाच कलमावरचे, एकाच सकाळी झेल्याने उतरवलेले चाळीस हापूस घेतले. स्वयंपाकघरातला काटा आणला. तो पूर्ण ग्रॅम दाखवतो, अर्धा-पाव ग्रॅम दाखवत नाही. ही गोष्ट वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला लावली, कारण पुढे वर्गमर्यादा ठरवताना ती लागते. काय मोजलं, कशात मोजलं आणि किती बारीक मोजलं, या तीन गोष्टी नोंदीच्या डोक्यावर असल्याच पाहिजेत. आंबे जसे हाताला लागले तशी वजनं लिहिली, ग्रॅममध्ये:

२३६, २५०, १९८, २७१, २१३, ३०८, २२९, २४४, १८७, २६२
२२५, १६८, २५६, २०७, २९५, २३८, २१९, ३४७, २३१, २०४
२५०, २८२, १७२, २४१, २१६, २६६, १९४, ३१७, २२८, २५३
२००, २७६, २३४, २२२, २५९, १८१, ३००, २४७, २११, २८८

दहा-दहाच्या चार ओळी मुद्दाम केल्या. एक तर चाळीस झाले की नाही हे नजरेनेच कळतं. दुसरं म्हणजे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी संख्या शोधताना चूक होत नाही. पुतण्याने आधी सगळ्यात लहान १७२ सांगितली. दुसऱ्या ओळीतली १६८ त्याच्या नजरेतून सुटली होती. मग त्याला प्रत्येक ओळीतली लहान आणि मोठी संख्या वेगवेगळी गोल करायला सांगितली. लहान आल्या १८७, १६८, १७२, १८१ आणि मोठ्या ३०८, ३४७, ३१७, ३००. आता चारांतून एक निवडायची. लहान १६८, मोठी ३४७, त्यांतला फरक १७९. हा सामग्रीचा, म्हणजे नोंदलेल्या सगळ्या आकड्यांचा, विस्तार.

वर्ग किती आणि केवढे

इथे बहुतेक जण एखादं सूत्र शोधतात. सूत्र आहे. हर्बर्ट स्टर्जेस या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये मांडलेलं ते अजून वापरात आहे: एकूण प्राप्तांकांच्या, म्हणजे नोंदलेल्या आकड्यांच्या, संख्येचा दहा पायाचा लॉग घ्यायचा, त्याला ३.३२२ ने गुणायचं आणि १ मिळवायचा. चाळीसचा लॉग १.६०२, म्हणून उत्तर साधारण ६.३. लॉग नको असेल तर प्राप्तांकांच्या संख्येचं वर्गमूळ घ्या. चाळीसचं वर्गमूळही ६.३ च्या आसपासच येतं. दोन्ही रीती इथे जुळल्या, पण नेहमी जुळत नाहीत. स्टर्जेसच्या सूत्रात सामग्री दुप्पट झाली की एकच वर्ग वाढतो, वर्गमूळ मात्र भराभर वाढतं. हजार आंबे असतील तर स्टर्जेस अकराच्या आसपास वर्ग सांगेल आणि वर्गमूळ बत्तीसच्या आसपास.

सहा वर्ग धरले तर १७९ भागिले ६, म्हणजे जवळपास ३०. पुतण्याने लगेच १६० पासून सुरुवात केली: १६० ते १९०, १९० ते २२०, २२० ते २५०, असं करत ३४० ते ३७० पर्यंत. सात वर्ग झाले. गणित म्हणून त्यात काही चूक नाही. परीक्षेत पूर्ण गुण मिळतील.

पण मी त्याला थांबवलं आणि अण्णांकडे वळले. विचारलं, "अण्णा, मोठ्या ढिगात फळ टाकायचं की नाही हे कशावरून ठरवता?"

"हाताला कळतं गो," ते म्हणाले.

मग त्यांच्या दुसऱ्या ढिगातली, म्हणजे मोठ्या फळांच्या ढिगातली, सगळ्यात हलकी वाटणारी तीन फळं उचलून काट्यावर ठेवली. २४७, २५०, २५०. म्हणजे अण्णांच्या हातातली रेघ अडीचशेवर आहे. बाकीच्या ढिगांचंही तसंच पाहिलं. बारीक फळांचा ढीग दोनशेच्या जवळ संपत होता आणि खास वेगळी काढलेली फळं तीनशेच्या पुढची होती. घरात, बाजारात, गिऱ्हाईकाशी बोलताना या सगळ्या आंब्यांबद्दल जे प्रश्न येतात ते दोनशे, अडीचशे आणि तीनशे या तीन आकड्यांवर येतात.

आता पुतण्याच्या वर्गांकडे पाहा. १९० ते २२० या वर्गात सात-आठ आंबे आले असं समजा. त्यांतले दोनशेच्या खाली किती? सारणी सांगू शकत नाही. २८० ते ३१० मध्येही तेच, तीनशेची रेघ वर्गाच्या पोटात गडप झाली. एकदा वर्ग केले की आतले आकडे दिसेनासे होतात, ही या सारणीची किंमत आहे आणि ती मोजावीच लागते. म्हणून ज्या जागी आपल्याला पुढे प्रश्न पडणार आहे त्या जागी वर्गाची मर्यादा यायला हवी. वर्ग ठरवताना मी हीच गोष्ट सगळ्यात आधी पाहते. सूत्राने आलेला आकडा हा सल्ला म्हणून घ्यावा.

आम्ही वर्गांतर, म्हणजे वर्गाची रुंदी, २५ घेतलं आणि सुरुवात १५० पासून केली: १५०–१७५, १७५–२००, असं ३२५–३५० पर्यंत. आठ वर्ग. सूत्रापेक्षा एक-दोन जास्त, पण दोनशे, अडीचशे, तीनशे तिन्ही आकडे मर्यादांवर आले. शिवाय शेजारचे दोन-दोन वर्ग जोडले की अण्णांचे ढीग तयार. लहान वर्ग जोडून मोठा करता येतो. मोठा वर्ग फोडायचा तर पुन्हा कच्च्या नोंदीकडे जावं लागतं. शंका असेल तेव्हा वर्ग थोडे लहान ठेवा.

सुरुवात १६८ पासून का नाही, असा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो. करता येते. मग वर्ग होतील १६८–१९३, १९३–२१८... असले आकडे डोक्यात राहत नाहीत आणि खुणा करताना चुका होतात. सगळ्यात लहान संख्येच्या खालचा एखादा गोल आकडा घ्यावा.

अडीचशेचा आंबा कुठे जातो

वर्ग आखून दिले आणि मी चहा टाकायला आत गेले. परत आले तेव्हा खुणा पूर्ण झाल्या होत्या. चार उभ्या रेघा, पाचवी त्यांच्यावर तिरपी, अशा जुड्या नीट बांधलेल्या. बेरीज मात्र ४५.

अण्णांनी मान वर केली. "आंबे चाळीस दिले होते ना रे? पाच कुठून आणलेस?"

पुतण्या पुन्हा पुन्हा मोजत होता. मग त्याने विचारलं, "काकू, दोनशे पन्नास दोन्हीकडे बसतो ना? २२५ ते २५० मध्ये पण आहे आणि २५० ते २७५ मध्ये पण आहे."

तिथेच ते पाच होते. २००, २२५, २५०, पुन्हा २५० आणि ३००. बरोबर रेघेवरचे पाच आंबे, प्रत्येकाची खूण दोन ठिकाणी. मी काही बोलायच्या आत अण्णांनी अडीचशेचा एक आंबा उचलून त्याच्यासमोर धरला. "हा एक आहे. दोन ढिगांत कसा ठेवशील, ठेव बघू."

शाळेत मी हे कितीदा फळ्यावर लिहून दिलं असेल, पण त्या हातातल्या आंब्याइतकं स्पष्ट मला कधी सांगता आलं नव्हतं.

यावर ठरलेली रीत अशी: वर्गाची खालची मर्यादा त्या वर्गात धरायची, वरची धरायची नाही. २५० हा २५०–२७५ मध्ये जातो, २२५–२५० मध्ये जात नाही. हिला असमावेशक पद्धत म्हणतात आणि असे वर्ग सलग असतात, मधे फट राहत नाही.

दुसरी रीत समावेशक: १५०–१७४, १७५–१९९, २००–२२४. इथे दोन्ही मर्यादा वर्गातच धरतात, गोंधळाला जागा नाही. आमचा काटा पूर्ण ग्रॅमच दाखवत असल्यामुळे हीही चालली असती. पण उद्या दशांश दाखवणारा काटा आणला आणि आंबा १७४.६ भरला तर त्याला घर नाही. वहीच्या कोपऱ्यात काट्याचा बारकावा लिहून ठेवायला लावला तो यासाठी. वजन, उंची, पाऊस, वेळ अशा सलग बदलणाऱ्या गोष्टींना मी असमावेशक पद्धतच वापरते. घरातली माणसं, पेट्यांची संख्या, असं मोजून येणारं काही असेल तर समावेशक.

समावेशक वर्गांचा आयतालेख (प्रत्येक वर्गावर एक आयत उभा केलेला आलेख) काढायचा असेल तर आधी ते सलग करून घ्यावे लागतात. एका वर्गाची वरची मर्यादा १७४, पुढच्याची खालची १७५, फट एकाची. तिचा निम्मा, ०.५, खालच्या मर्यादेतून वजा आणि वरच्या मर्यादेत अधिक: १४९.५–१७४.५, १७४.५–१९९.५.

हा फटीचा प्रकार पावसाळ्यात आपण सगळे रोज वाचत असतो. हवामान विभाग २४ तासांतल्या पावसाला मुसळधार म्हणतो तो ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर असेल तर. अतिमुसळधार ११५.६ ते २०४.४. त्याच्यापुढे अत्यंत मुसळधार. पहिला वर्ग ११५.५ ला संपतो आणि दुसरा ११५.६ ला सुरू होतो, कारण पाऊस मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. मधे काही सापडूच शकत नाही. ही समावेशक पद्धत आहे. आणखी एक पाहा: हे वर्ग सारख्या रुंदीचे नाहीत आणि शेवटचा तर वरून उघडाच आहे. कोकणात जुलैमध्ये तो उघडा ठेवावाच लागतो. पण असे वर्ग असले की आयतालेखात नुसती वारंवारता उंचीला घेऊन चालत नाही, ती वर्गांतराने भागावी लागते, नाहीतर रुंद वर्ग उगाच मोठा दिसतो. उघड्या वर्गाला तर वर्गमध्य, म्हणजे वर्गाच्या मधोमधचा आकडा, हाही नसतो. शिकताना सारख्या रुंदीचेच वर्ग घ्यावेत.

सारणी

पुतण्याने पान उलटलं आणि पुन्हा खुणा केल्या. खुणा करताना एक शिस्त: कच्च्या नोंदीतला आकडा घ्या, त्यावर पेन्सिलीने बारीक टिंब द्या, मग खूण करा, मगच पुढचा आकडा. एकच वर्ग डोळ्यासमोर धरून सगळी सामग्री चाळत बसू नका. आठ वर्गांसाठी आठ वेळा चाळावी लागते आणि प्रत्येक वेळी काहीतरी सुटतं.

| वर्ग (ग्रॅम) | वर्गमध्य | वारंवारता | वरच्या मर्यादेपेक्षा कमी संचित वारंवारता |
|---|---|---|---|
| १५०–१७५ | १६२.५ | २ | २ |
| १७५–२०० | १८७.५ | ४ | ६ |
| २००–२२५ | २१२.५ | ८ | १४ |
| २२५–२५० | २३७.५ | १० | २४ |
| २५०–२७५ | २६२.५ | ८ | ३२ |
| २७५–३०० | २८७.५ | ४ | ३६ |
| ३००–३२५ | ३१२.५ | ३ | ३९ |
| ३२५–३५० | ३३७.५ | १ | ४० |
| एकूण | | ४० | |

संचित वारंवारता म्हणजे वरून खाली करत आणलेली बेरीज. दोनशेच्या खाली किती? ६. अडीचशेच्या खाली २४, म्हणून अडीचशे आणि त्याच्यापुढचे १६. तीनशे आणि पुढचे ४. आमचे तिन्ही प्रश्न एका रकान्यात सुटले. अण्णांना आकडे वाचून दाखवले तर त्यांनी ढीग मोजायला लावले. २४७ चं ते एक फळ सोडून सगळं जुळलं, आणि ते फळ त्यांनी मुकाट्याने उचलून शेजारच्या ढिगात ठेवलं.

आता एक सूचना, जी मुलांपेक्षा मोठ्यांच्या जास्त कामाची आहे. एकूण ४० आलं म्हणजे सारणी बरोबर, असं समजू नका. हीच वजनं पुतण्याने नंतर एक्सेलमध्ये भरली, १७५, २००, २२५ अशा वरच्या मर्यादा दिल्या आणि फ्रिक्वेन्सी हे फंक्शन वापरलं. उत्तर आलं २, ५, ८, ११, ६, ५, २, १. बेरीज बरोबर ४०. पण सारणी वेगळी! कारण ते फंक्शन वरची मर्यादा वर्गात धरतं आणि आपण खालची धरतो. रेघेवरचे पाचही आंबे एकेक घर खाली सरकले. अडीचशे आणि पुढचे १६ होते ते १४ झाले. पूर्ण ग्रॅमची नोंद असेल तर फंक्शनला १७४, १९९, २२४ असे आकडे द्या, म्हणजे आपली रीत आणि त्याची रीत जुळते. किंवा काउंटइफ्स वापरून "२५० किंवा जास्त" आणि "२७५ पेक्षा कमी" अशा दोन अटी स्वतः लिहा. मी दुसरा मार्ग सुचवते, कारण त्यात मर्यादा कुठे धरली हे डोळ्यांना दिसतं.

वर्गमध्याचा रकाना का केला, तर सरासरीसाठी. वर्गातला प्रत्येक आंबा वर्गमध्याएवढा आहे असं धरायचं, वर्गमध्याला वारंवारतेने गुणायचं आणि बेरीज करायची. आमची आली ९६७५ ग्रॅम, भागिले ४०, म्हणजे २४१.८७५. मग कच्च्या नोंदीतली चाळीसही वजनं मिळवली: ९६२५, सरासरी २४०.६२५. चाळीस आंब्यांत मिळून ५० ग्रॅमचा फरक, सरासरीत सव्वा ग्रॅमचा. पुतण्याला हे फार आवडलं, की अंदाज धरूनही एवढं जवळ येतं. जवळ येतं कारण काही आंबे वर्गमध्याच्या खाली असतात, काही वर, आणि चुका एकमेकींना खातात. मूळ नोंद हाताशी असेल तर अशी पडताळणी एकदा तरी करून पाहावी.

वयाच्या बाबतीत मात्र वर्गमध्य जपून काढा. १०–१४ हा वर्ग पूर्ण झालेल्या वर्षांचा असेल तर चौदा वर्षं अकरा महिन्यांचा मुलगाही त्यातच असतो. वर्गमध्य १२ नाही, १२.५.

आठवड्याने त्याच कलमावरची दुसरी उतरणी झाली. या वेळी साठ फळं मोजली. पुतण्या नव्याने विस्तार काढायला बसला, तेव्हा त्याला जुनेच आठ वर्ग घ्यायला लावले. वर्ग बदलले तर दोन सारण्या शेजारी ठेवता येत नाहीत. नवीन लहान-मोठी फळं जुन्या वर्गांच्या बाहेर गेली असती तर एखादा वर्ग पुढे-मागे जोडला असता, मधल्या मर्यादा हलवल्या नसत्या. अडीचशे आणि पुढची फळं या वेळी १८ निघाली.

"मागच्यापेक्षा दोन जास्त," पुतण्या म्हणाला.

"साठातली अठरा," मी म्हटलं, "आणि मागची चाळिसातली सोळा."

त्याने सारणीला उजवीकडे आणखी एक रकाना आखला आणि प्रत्येक वारंवारतेला एकूण फळांनी भागून शंभराने गुणायला घेतलं. मागची चाळीस टक्के होती, ही तीस टक्के.